एनिड टॉप्लिसची चार सेकंदं

आमच्या थॉर्नकोट गावात एनिड टॉप्लिसला न ओळखणारा माणूस सापडायचा नाही. हवेलीतल्या साहेबलोकांत मात्र तिला ओळखणारं कुणी नव्हतं. सतरा वर्षं ती तिथं मोलकरीण होती. मी खाली स्वयंपाकघरात बटाटे सोलायची, ती वर गालिचे झाडायची. त्या सतरा वर्षांतला तिचा एक फोटो नाही. तिची बहीण मॉड उभा जन्म टोमणे मारत आली, "तू खरंच होतीस का गं तिथं? की जिन्याखाली उंदरांबरोबर राहायचीस?"

म्हणून एनिडच्या ऐंशीव्या वर्षी हवेलीत सिनेमावाले उतरले, तेव्हा तिला वाटलं, देवानंच धाडले. सिनेमा म्हणजे एकोणीसशे बत्तीसातली खुनाची गोष्ट. लॉर्डसाहेब अभ्यासिकेत मरून पडलेले, आणि संशय डझनभर पाहुण्यांवर नि झाडून सगळ्या नोकरांवर. जुन्या रीती शिकवायला त्यांना कुणीतरी हवं होतं. एनिडनं एकच अट घातली, "पडद्यावर माझा चेहरा दिसला पाहिजे. एकदाच."

"दिसेल, आजी. शब्द देतो," दिग्दर्शक म्हणाला. पोरगेलासा होता, पण भला.

महिनाभर तिनं नट्यांना नुसतं पिदडलं. "बाईसाहेब आल्या की भिंतीकडे तोंड! इथं कुणी नाहीच, असं वाटलं पाहिजे त्यांना."

"हा तर अपमान झाला!" एक नटी म्हणाली.

"अपमान व्हायला आधी दिसावं लागतं, बाळ."

दिग्दर्शक तर खूशच झाला. मोलकरणींचे चेहरे कुणी पाहिलेलेच नसतात, त्यामुळे खुनी सापडत नाही, असं त्यानं गोष्टीतच घालून टाकलं.

मग एनिडचा प्रसंग आला. हातात चादरी, समोरून बाईसाहेब. बाकीच्या मोलकरणी तोंड फिरवणार, ही एकटी समोर बघत राहणार. रेशमी झगा सळसळला आणि एनिड भिंतीकडे वळली. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्या वेळी मी मागून ओरडले, "मेले, पुढं बघ की!" तरी वळलीच. दिग्दर्शकानं आणखी सहा वेळा करून पाहिलं, मग मिळालं ते घेतलं.

सिनेमा लागला तेव्हा आम्ही सगळे बस करून शहरात गेलो. एनिड चार सेकंद दिसली. पाठ आणि एप्रनची गाठ.

"चेहरा कुठाय?" मॉड भर थिएटरात ओरडली.

"बाईसाहेब जात होत्या ना."

"अगं बये, नटी होती ती!"

"ठाऊक आहे गं," एनिड म्हणाली. "माझ्या पायांना कुठं ठाऊक होतं?"

मला असा संताप आला म्हणून सांगू! खऱ्या बाईसाहेबांना चर्चमागं पुरून तीस वर्षं झाली होती, नाहीतर तशीच उठून जाब विचारायला गेले असते. त्यांनी बहुतेक विचारलं असतं, कोण एनिड?