आवाज बंद करून पाहणाऱ्या मॅडम

"आधी त्याचा आवाज बंद करा. डोळ्यांना एकटं बघू द्या." टीव्ही लागला रे लागला की आमच्या मॅडम असं म्हणायच्या आणि पदराने चष्मा पुसायला घ्यायच्या.

मी तेव्हा भिवंडीच्या कचेरीत लघुलेखक होतो आणि त्या चौकशी अधिकारी. डब्यातली सुकटीची चटणी सगळ्यांना वाटून "तिखट झालीय का?" विचारायच्या, आणि झालीय म्हटलं तर तासभर फुगून बसायच्या. तुम्ही असे अधिकारी पाहिले असतील. मी या एकट्याच पाहिल्या.

लोडशेडिंगविरुद्धच्या मोर्चावर निजामपुऱ्यात लाठी चालली आणि एका लूम कामगाराचं मनगट मोडलं. पोलिसांच्या कागदावर मात्र 'पळताना पडला'. मारलं, मारलं, असं तो सांगून थकला, ऐकतो कोण? त्याच्या बाजूने एकच व्हिडिओ होता. लग्नांचं शूटिंग करणाऱ्या एकाने तो माडीवरून घेतला होता. केबलवर तो दिसला आणि गाव खवळलं. हवालदार एकामागून एक तीन लाठ्या हाणतोय आणि वर धडामधुडूम संगीत! हवालदाराच्या बायकोला नळावर जायची चोरी झाली.

मॅडमनी तो व्हिडिओ मुका करून पाहिला. पुन्हा पाहिला. मग मला म्हणाल्या, "मागे तो डोक्यावर तागे घेतलेला हमाल बघा हो. दर लाठीला तो त्याच दगडाला कसा ठेचकाळतो?"

शूटिंगवाल्याला बोलावलं. तो निरागसपणे म्हणाला, "मॅडम, मेन सीन आहे ना! नवरी हार घालते ते आपण तीनदा दाखवतो की. तसंच मिक्सिंग केलं."

मला हसू फुटलं. मॅडमना नाही. व्हिडिओच बनावट ठरला असता तर त्या मनगटाला कोण विचारणार होतं? त्यांनी मूळ कॅसेट मागवली. नशिबाने तिच्यावर अजून कुणाची हळद शूट झाली नव्हती.

सुनावणीत ती कॅसेट सगळ्यांसमोर लावली. बाकावर एका टोकाला प्लास्टर घातलेला कामगार, दुसऱ्या टोकाला हवालदार. कॅसेट संपल्यावर मॅडम म्हणाल्या, "हवालदार, तुम्ही तीन लाठ्या मारलेल्या नाहीत. तसं मी लिहिणार आहे."

इतके दिवस तोंड न उघडलेला तो माणूस एकदम रडायलाच लागला. "न्हाय मारल्या, मॅडम. एकच मारली. त्यानं हात वर केलं व्हतं, तरी मारली."

माझी पेन्सिल थांबली आणि मग धावली. कामगार उठून माझ्यापाशी आला. "लिख लिया ना, साहब? मैं गिरा नहीं था।"

"लिख लिया," मी म्हणालो. नोकरीचा मला इतका अभिमान पुन्हा कधी वाटला नाही.

अहवाल गेला, हवालदारावर कारवाई झाली, आणि मॅडमची बदली. पुढे तो कामगार प्लास्टर काढून आला तो थेट त्यांच्या खोलीत शिरला. मी मागून जाऊन सांगितलं, "मॅडम तो चली गईं।"

तो जरा घुटमळला. मग रिकाम्या खुर्चीसमोर हात पुढे करून त्याने हळूच मूठ मिटली, उघडली आणि पुन्हा मिटली.