विरोधातलं भाषण कोण वाचणार?

इतिहासाच्या मास्तराकडे किस्से आपोआप साठतात हो. शिकवायला जावं जुनं, आणि निघतं कुणाच्या तरी घरातलं! आमच्या उदगीरच्या कॉलेजात मी दरवर्षी मुक्तिसंग्राम दिनाआधी दोन जुनी भाषणं मुलांपुढं ठेवतो. एक, निजामाचं हैदराबाद भारतात विलीन व्हावं म्हणणारं. दुसरं, होऊ नये म्हणणारं. तुलना करा, एवढंच म्हणतो. तेवढ्यानंच प्राचार्यांचं बीपी वाढतं!

*

एकदा वक्त्याचं नाव झाकून उतारा वाचला. भाईचारा, न्याय, गरिबाची भाकर, सगळं त्यात. वर्गानं टाळ्या वाजवल्या.

"हे विलीनीकरणाच्या विरोधातलं," मी म्हणालो.

मागच्या बाकावरून हळूच आवाज आला, "सर, मंग आता टाळ्या वापस घेता येतेत का?"

*

यंदा दोन्ही भाषणं हॉलमध्ये वाचायचं ठरलं. विरोधातलं कोण वाचणार? सगळ्यांच्या नजरा शबानाकडं वळल्या. ती उभी राहिली.

"सर, मी विलीनीकरणाचं वाचते. ते दुसरं मी वाचलं, तर लोकांना खरंच वाटंल!"

मग आडतवाल्यांचा महेश उठला. "द्या मला. पण माझ्या पणज्याला रझाकारांनी मारलंय. घरी सांगू नका."

*

तालमीत महेश असा तापला, की शिपाईमामांनी धावत येऊन धडाधड खिडक्या लावल्या. "सर, आवाज मोंढ्याच्या बाजारापर्यंत जाऊन राहिला! ह्येचा बाप तिथंच बसतो!"

*

कार्यक्रमाला पहिल्या रांगेत येऊन बसले महेशचे आजोबा. मारल्या गेलेल्या त्या माणसाचा मुलगा! त्यांना कुणी सांगितलं, देव जाणे. प्राचार्य माझ्या कानाशी लागले, "माइक बंद करू का?" मी नको म्हणालो.

महेशनं सुरुवात झकास केली. अर्ध्यात त्याची नजर आजोबांवर गेली आणि आवाजच बसला.

आजोबा काठी टेकत उठले. आता काठी पडतेच पोराच्या पाठीत, असं वाटलं मला!

त्यांनी अडलेलं वाक्य पुरं केलं. मूळ उर्दूत, तोंडपाठ. मग पुढचं. मग पार शेवटपर्यंत.

संपलं तसे ते शबानाकडं वळले.

"लहानपणी हेच रोज कानावर आदळायचं. पोरी, आता तुझं सुरू कर. लवकर कर!"