नाकापुढची मूठ

मुलीच्या कराटेच्या वर्गात पालकांना बोलावलं होतं. सरांनी मला तिच्यासमोर उभं केलं. अनघा म्हणाली, "बाबा, फक्त हलू नका."

मी तालमीत वाढलेला. कुस्तीत माणूस अंगाला भिडतो. मानेवर हात पडला की तो आता कुठे जोर लावणार, हे तळहाताला कळतं. इथे पोरगी दोन हात लांब उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावरून मला काहीच कळत नव्हतं. ती ओरडली, तिचा पाय पुढे आला, मूठ सरळ नाकावर आली आणि मी डोळे गच्च मिटले.

काहीच लागलं नाही. डोळे उघडले, तर मूठ नाकापासून बोटभर अंतरावर थांबली होती. जराही थरथरत नव्हती. आम्ही उमेदीची सारी वर्षं जोर लावायला शिकण्यात घालवली. एवढ्या वेगातला जोर आवरायला ही कधी शिकली? मी तर तिला रोज फाटकाशी सोडून निघून जात होतो.

"भ्यालात का?" तिनं हळूच विचारलं.

आखाड्यात हा प्रश्न मी कुणाचाच ऐकून घेतला नसता.

"हो," मी म्हणालो. "पुन्हा मार. या वेळी डोळे उघडे ठेवतो."