पटावर हजर

घाटंजीच्या बाजारात कापसाची गाडी जवळून गेली, की त्या कोरड्या, धुळकट वासाबरोबर मला लेकीच्या शाळेतली ती सभा आठवते. त्या वर्षी निम्मा कापूस अळीनं खाल्ला होता आणि उरलेला वेचायला मजूर परवडत नव्हते. म्हणून मी गुरुजींना गाठलं. "पोरीले चार दिवस वेचणीले न्या लागते जी. हजेरी लावून द्या, नाही तं शाळेतले तांदूळ बुडतीन तिचे." त्यांनी होकारार्थी मान डोलावली. नेमके तिसऱ्या दिवशी साहेब तपासणीला आले. पटावर माझी लेक हजर, वर्गात तिची जागा रिकामी. अहवालात शाळेला सगळ्यात खालची श्रेणी मिळाली, वर 'खोटी हजेरी' असा शेरा. सभेत सारं गाव गुरुजींवर तुटून पडलं. "काहून लावली खोटी हजेरी?" कोणीतरी ओरडलं. गुरुजींनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "चूक माझी आहे." शेजारी बसलेल्या लेकीची बोंडांनी ओरबाडलेली बोटं मी पदराखाली झाकली. पुढं त्यांची बदली झाली. लेक आता तिच्या मुलांना सांगते, "आमचे गुरुजी लबाड होते." मी ऐकते आणि पोळ्या लाटत राहते.