उजेडाचा हुकूम

"अंधार नावाची वस्तू जगात नाही," ते म्हणायचे, "उजेड कोणाच्या ताब्यात आहे, एवढाच प्रश्न." ऐकणारा अंतर्मुख व्हायचा. मग कळायचं, गृहस्थ लॅपटॉपच्या पडद्याबद्दल बोलताहेत.

नंदुरबारात आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. लॅपटॉप आला की आधी झाकणावर तळहात ठेवून ते डोळे मिटायचे. निदान मात्र डोळे उघडल्यावरच व्हायचं. असे वैद्य तुम्हीही पाहिले असतील.

एका दुपारी मी तिथे बसलो असताना जवळच्या रनाळे गावची एक मुलगी धावत आली. नर्सिंग शिकलेली. सुरतच्या दवाखान्याची मुलाखत लॅपटॉपवर होती, आणि पडदा काळा. नोकरी नाही तर दिवाळीनंतर लग्न, असं घरी ठरलेलं.

"मामा, टाइम व्हई गया."

त्यांनी डोळे मिटले. मी घड्याळ पाहिलं. मग त्यांनी गंभीरपणे लॅपटॉप बंद करून परत सुरू केला. काळाच.

"हाई तं मी घरीबी करं," ती म्हणाली.

त्यांनी मोबाइलचा टॉर्च पडद्यावर तिरका धरला. काळ्या काचेत पुसट अक्षरं दिसली.

"जीव शे. दिवा बंद शे. उजेड कोनी कमी करा?"

"मीच. लाइट गयी व्हती. बॅटरी वाचाडाले."

लाइट गेली की आपल्याकडे सगळेच हे करतात. हिने उजेड पार शून्यावर नेला होता. सिस्टीमने तो आकडा जपून ठेवला आणि दर वेळी इमानाने तोच परत लावला. उजेड वाढवायची बटणं दाबली की पट्टी सरकायची, पण हुकूम पडद्यामागच्या दिव्यापर्यंत पोचतच नव्हता.

"सांगं तितलं ऐकस," ते लॅपटॉपकडे पाहून पुटपुटले. टॉर्च तिच्या हाती देऊन ते थेट दिव्यालाच द्यायचा हुकूम एकेक अक्षर करून टाइप करू लागले. चुकलं. पुन्हा. तिचा फोन वाजला. तिकडून बोलावणं आलं होतं.

"हात हालाडू नको, माय."

"टेबल हाली ऱ्हायनं, मामा. तुम्हना पाय."

पडदा उजळला. लॅपटॉप तिच्याकडे वळवून ते बाहेर गेले, शटर अर्धं ओढलं आणि मुलाखत संपेपर्यंत उन्हात उभे राहून गिऱ्हाइकांना परत पाठवत राहिले.

ते गेले, त्याला आता वर्ष होईल. ती रनाळ्याची मुलगी सुरतेत नोकरी करते. तिने नंतर सांगितलं, मुलाखतीला समोर तिघे होते. तिघांनीही कॅमेरे बंद ठेवले होते.