समुद्राची बातमी घेऊन पूर्णेला

आमच्या संस्थेत बोटीवरचे इंजिनिअर तयार होत. तिच्या माजी विद्यार्थ्यांचा एक चहा व्हायचा. शनिवारी संध्याकाळी, फोर्टात. कोणत्या कंपनीला माणसं हवीत, कोणती बोट कधी सुटतेय, मुलाखत कुठे आहे, ही सगळी बातमी त्या चहावर मिळायची. तोंडी. जो बशी हातात धरून उभा असेल त्याला कळलं, बाकीच्यांनी बसावं बोंबलत. सत्तरच्या दशकातली गोष्ट सांगतोय. मी तेव्हा एका सफरीवरून नुकताच घरी आलो होतो.

त्या शनिवारी माजी विद्यार्थी संघटनेचे सेक्रेटरी चमचा वाजवून म्हणाले, "दोन ज्युनिअर इंजिनिअर हवेत. बुधवारी सकाळी मुलाखत."

मी विचारलं, "सुखदेवला कळवलंत?"

सुखदेव माझ्या बॅचचा. परभणीकडच्या ताडकळसचा. पहिल्यांदा समुद्र पाहिला तो संस्थेत दाखल झाला त्या दिवशी, आणि बॉयलरच्या परीक्षेत आम्हा सगळ्या किनाऱ्यावरच्यांना मागे टाकून पहिला आला. तरी वर्षं उलटली, बोट काही मिळाली नव्हती.

"तो चहाला येत नाही," सेक्रेटरी म्हणाले. "त्याला रस नसावा. आणि तिकडच्या लोकांना समुद्राचं काय हो! तुमचं वेगळं, तुम्ही मालवणचे. तुमच्या रक्तातच आहे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या रक्तात काय आहे ते मला ठाऊक आहे. पहिल्या सफरीत मी मंगळूरपर्यंत बादली सोडली नव्हती. आणि परभणीहून माणसाने शनिवारच्या चहाला यायचं म्हणजे शुक्रवारी निघायचं. कुणाला चहाचं एवढं वेड असतं?

तार केली असती, पण तारेने तो आला नसता. आधी दोनदा तारेवर विश्वास ठेवून मुंबईला आला होता आणि दोन्ही वेळा जागा आदल्या चहातच वाटल्या गेल्या होत्या. तेव्हा स्टेशनवर मला म्हणाला होता, "आता कुणी स्वतः येऊन सांगितलं तरच येणार." म्हटलं ठीक आहे, मी जातो. पिशवीत दोन शर्ट कोंबले आणि त्याच रात्रीची गाडी धरली.

कुणाला तिकडे जायचं असेल तर सांगतो, तेव्हा मनमाडला गाडी बदलावी लागे. मोठ्या लाईनवरून उतरायचं आणि पहाटे कुडकुडत छोट्या लाईनच्या फलाटावर जायचं. तिथला चहा पैसे देऊन प्यावा असा नव्हता, पण भजी झकास. छोट्या लाईनची गाडी दिवसभर चालते. खिडकीकडे बसू नका, इंजिनाची काजळी डोळ्यांत जाते. मी बसलो आणि औरंगाबादपर्यंत डोळे चोळत राहिलो.

सेलूला डबा भरला. बाजारात कापूस घालून परतणारी माणसं, सगळ्यांच्या अंगावर, टोप्यांवर कापूस चिकटलेला. माझ्यासमोर कपाळाला भस्म लावलेले एक वयस्कर आडते बसले. सोबतचे त्यांना अप्पा म्हणत होते.

"पाव्हणे कुठले म्हनायचे?" अप्पांनी विचारलं.

"मालवण. बोटीवर असतो."

"समुद्रावर? मंग मीठ फुकटच की तुमाला!" सगळा डबा हसला. मग त्यांनी गंभीरपणे विचारलं, "बोटीचं इंजन चालवायला काय काय यावं लागतंय?"

मी बॉयलर, वाफ, पाणी, आग, सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ह्ये तर आमच्या पूर्णेच्या रेल्वेच्या इंजन शेडात बी हाय. मंग आमच्याकडची पोरं का घेत न्हाईत तुमी?"

काय सांगणार? तुमची पोरं चहाला येत नाहीत म्हणून? मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. त्यांनी मला गूळ-शेंगदाणे दिले, तेही खाल्ले.

परभणीला उतरून शेवटच्या एसटीने ताडकळसला पोचलो. रस्ता म्हणजे नुसता हादरा. बौद्धवाड्यात सुखदेवचं घर कुणीतरी लगेच दाखवलं. वडील शाळामास्तर, ते बदलीच्या गावी. घरी एकटी आई होती. "जयभीम" म्हणालो, नाव सांगितलं, तशी त्यांनी आधी पाणी दिलं आणि मग मला धारेवर धरलं.

"तुमीच का ते बोटवाले? दोन बारीला बोलावलं माज्या लेकराला. दोन्ही बारीला उपाशीपोटी माघारी आलं. जागाच न्हाई तर बोलवायलेत कशाला? लोकं मला इचारायलेत, बाई, तुज्या पोराचं जहाज कुठं बुडालं?"

"आई, या वेळी मी स्वतः आलोय."

"आलात, लय उपकार झाले," त्या म्हणाल्या, आणि पुढ्यात धपाटे आणि दही ठेवलं. रागाने वाढलेलं इतकं चवदार जेवण मी पुन्हा कधी जेवलो नाही. हात धुताना मला म्हणाल्या, "पूर्णेला हाय त्यो. रेल्वेत. उभ्या इंजनाची आग राखायलाय. न्या त्याला. पर रिकाम्या हातानं धाडू नगा, बाबा. आता त्याला सोसायचं न्हाई."

सकाळी पूर्णेची एसटी धरली. त्या दिवशी ताडकळसचा बाजार होता, त्यामुळे गाडीत माणसांपेक्षा कोंबड्या जास्त. पूर्णा म्हणजे रेल्वेचंच गाव. स्टेशन, शेड, क्वार्टर्स, आणि सगळ्यावर कोळशाचा थर. स्टेशनबाहेरच्या हॉटेलात मिसळ मागू नका, भाकरी-पिठलं मागा.

सुखदेव शेडमध्ये एका इंजिनाच्या पायरीवर उभा होता. मला पाहून हसला आणि मग हसू आवरलं. "कुनी मेलं का काय?"

"मेला तुझा सेक्रेटरी," मी म्हणालो आणि सगळं सांगितलं. आधी तो नाहीच म्हणाला. मी भांडलो, त्याच्या आईचं बोलणं सांगितलं, तेव्हा कुठे तयार झाला. मग फोरमनकडे गेला आणि परत आला तो चेहरा उजळूनच.

"चार दिवसांची सुट्टी दिली. खाजामियाँ पाळीवर आला की निघायचं. त्यो ताडकळसहून दुपारच्या एसटीनं येतो. मनमाडची गाडी त्याच्यानंतर हाय. बक्कळ वेळ हाय."

मुलाखतीला वेळेवर पोचवणारी तीच एक गाडी होती. त्याने धुतलेला शर्ट खिळ्याला टांगून ठेवला. आम्ही कोळशाच्या ढिगावर बसून संस्थेतल्या गप्पा मारल्या. जहाजावर पाळीला वॉच म्हणतात. आमचे मास्तर वॉच बदलताना दोन शब्द म्हणायला लावत. जाणाऱ्याने म्हणायचं "दिली", येणाऱ्याने "घेतली". "घेतली" ऐकू आल्याशिवाय जागेवरून पाय हलवला तर दिवसभर उपास. आम्ही त्यांची नक्कल करून पोट धरून हसलो.

दुपारची एसटी आली नाही. बाजारचा दिवस, गाडी कुठेतरी बंद पडली असणार. मी स्टँडवर तीन चकरा मारल्या. तिकडे मनमाडच्या गाडीची घंटा झाली.

"चल!" मी ओरडलो.

"खाजामियाँ न्हाई आला."

"फोरमनला सांग!"

"साहेब गेले डिरेलमेंटला, पुढं गाडी घसरलीय. दुसरं कुनी न्हाई. तीन इंजनांत आग हाय. पानी खाली गेलं तर बॉयलर फुटतोय. ही सगळी मानसं हायेत इथं."

"मला दे. मी घेतो! मलाही येतं हे!"

त्याने मान हलवली. "बोट असती तर दिली असती. ही रेल्वे हाय. पाळी आता खाजामियाँच्या नावावर लागलीय, तुज्या हातून काही झालं तर जबाब त्याला पडंल. त्याला पाच लेकरं हायेत."

मी त्याला नाही नाही ते बोललो. गाढव म्हणालो, हट्टी म्हणालो, तुझ्या आईला काय तोंड दाखवू म्हणालो. त्याची नजर इंजिनातल्या पाण्याच्या काचेवरून हलत नव्हती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. गाडीने शिट्टी दिली.

"तू जा," तो म्हणाला. "सांग तिथं. उद्याच्या गाडीनं येतो, माजी जागा धरून ठेव. तिकडची वॉच तुला दिली."

मी पळता पळता ओरडलो, "घेतली!"

बुधवारी सकाळी मी मुलाखतीच्या खोलीत घुसलो. टेबलामागे कंपनीचे साहेब, शेजारी आमचे सेक्रेटरी. मी सगळं सांगितलं. दुपारपर्यंत थांबा, तो वाटेत आहे, म्हणालो.

साहेब हसले. "म्हणजे गाडी चुकली म्हणा की."

सेक्रेटरी म्हणाले, "मी म्हटलंच होतं. तिकडच्या लोकांचा भरवसा नाही."

मग मी बोललो. काय काय बोललो ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. एवढं नक्की म्हणालो की रेटारेटीत पुढे येणारे तुम्हाला शंभर मिळतील, पण मधल्या समुद्रात रात्री तुम्ही झोपलेले असताना खाली बॉयलरपाशी कोण हवाय, याचा एकदा विचार करा. मला हाताला धरून बाहेर काढलं. दोन्ही जागा चहावाल्यांना गेल्या.

दुपारी सुखदेव पोचला. तोच धुतलेला शर्ट. त्याला मी बंदरावर नेलं, कारण दुसरीकडे कुठे न्यावं सुचेना. त्याने बोट लांबूनच पाहिली. "आता पुन्हा बोलवू नको," म्हणाला. "तुमचं कुनी यायचं असंल तर पूर्णेला या." रात्रीच्या गाडीने तो गेला.

सुखदेव समुद्रावर गेला नाही. रेल्वेत कायम झाला, तिथेच निवृत्त झाला, अजून पूर्णेतच राहतो. मी मात्र त्यानंतर कुठेही जागेची बातमी ऐकली की बंदरावरून पोस्टकार्डं टाकत राहिलो, जालना, नांदेड, लातूर, जिथे जिथे आमच्या संस्थेचा मुलगा होता तिथे. काही जण बोटीवर लागले. चहाला मी परत गेलो नाही.

गेल्या महिन्यात संघटनेच्या नव्या सेक्रेटरींचा फोन आला. गोड बोलतात. आता बातम्या मोबाईलच्या ग्रुपवर येतात म्हणे, आणि ग्रुपात कोण, तर चहावाल्यांची मुलं-नातवंडं. म्हणाले, "सर, तुम्ही आता थकलात. ग्रामीण भागात बातमी पोचवायचं काम आमच्या समितीकडे द्या. आणि हो, तुमच्या बॅचचे सुखदेव काही सापडत नाहीत. संपर्काबाहेर आहेत."

संपर्काबाहेर! माणूस जन्मात पूर्णा सोडून हलला नाही!

मी त्यांना सांगितलं, द्यायला मी तयार आहे. पण "घेतली" म्हणणाऱ्याने आधी पूर्णेला जाऊन त्याच्या दारात उभं राहायचं, मग मला फोन करायचा. ते म्हणाले, रस्ता माहीत नाही. म्हणून हे सगळं लिहिलं. मनमाडला आता गाडीसुद्धा बदलावी लागत नाही.