गोधडीवरचा कोरा तुकडा

अन्याय झाला तो मोताळ्याच्या कल्पनावर. गेल्या माघात, आठवडी बाजाराच्या दिवशी, दुपारी तीन वाजता, छापखान्याच्या टेबलापाशी. करणारा मी. पाणी, रस्ता, शाळेची गळकी खोली यांवर मी आजवर बरीच पत्रकं काढली. स्वतःविरुद्ध हे पहिलंच.

आम्ही गावातल्या पोरापोरींनी एका जुन्या संतकवीचा अभंग नव्यानं मांडायचं ठरवलं होतं. मी डफावर त्याच्या घोषणा केल्या. कल्पनानं तोच अभंग गोधडीवर शिवला, एकही अक्षर न घालता. विहीर, जातं, मुंगी, दिवा. ओळीला एक तुकडा. शेवटचा मात्र कोरा. शेवटच्या ओळीत कवीचं नाव येतं, ती मी म्हणायची असं ठरलेलं. तालमीला आलेले लोक माझ्या डफाकडे पाठ करून गोधडीवर हात फिरवायचे. मला ते बघवायचं नाही. देवापुढे हात जोडले तरी मनात एकच, हिचे टाके उसवू देत. म्हणून कार्यक्रमाच्या पत्रकावर ‘संकल्पना’ या शब्दाखाली मी फक्त माझं नाव टाकलं.

तिनं पत्रक वाचलं. “काऊन बे, माह्या नावाले जागा पुरली नाही का?”

“छापणाऱ्यानं गाळलं,” मी म्हणालो. धडधडीत खोटं.

“हाव का? तुह्यं बरं नाही गाळलं त्यानं!” ती हसली आणि गोधडीची घडी घालू लागली. ते हसणं मला जास्त लागलं.

कार्यक्रम शेगावला होता. तिथे स्टेशनपासून सभागृहापर्यंत मी ओरडत पत्रकं वाटली आणि कार्यक्रमाच्या तोंडावर घसा पार बसला. घोषणा राहिल्या. कल्पनानं गोधडी दोरीवर टांगली, एवढंच. तेवढ्यात गर्दीतून एक म्हातारी पुढे आली. सुलतानपूरकडची, दर्शनाला आलेली. अक्षरओळख नाही असं तिनंच सांगितलं. तिनं विहिरीवर बोट ठेवलं आणि गाऊ लागली. मग जातं, मुंगी, दिवा. अख्खा अभंग बिनचूक! बोट कोऱ्या तुकड्यावर येऊन थांबलं.

“हे कोरं काऊन सोडलं माय?”

कल्पनानं माझ्याकडे हात केला. “ते हा म्हणते.”

“मंग म्हण ना बापा. नाव घेतल्याबिगर अभंग पुरा होत नाही.”

मी तोंड उघडलं. तासभर नुसती हवा निघत होती त्या गळ्यातून कवीचं नाव निघालं, फाटकं पण स्पष्ट. आणि त्यामागोमाग, मी ठरवलं नसताना, कल्पनाचं. छापणाऱ्याचा दोष नव्हता, नाव मीच गाळलं, हेही भरल्या सभागृहात बोलून गेलो. मग रडलो.

“झालं रडून?” कल्पना म्हणाली. “आता वाटलेली पत्रकं गोळा कर.”

म्हातारीला नंतर महाप्रसादाच्या रांगेत शोधलं, चप्पल ठेवतात तिथे शोधलं. दिसली नाही. घसा कसा उघडला यावर मी वाद घालणार नाही. आयुष्यभर मला वाटत आलं की आवाज माझा आहे. तो दिलेला होता, आणि कशासाठी दिला ते त्या दिवशी कळलं. त्या बोटापुढे माझं डोकं आजही झुकतं. मत्सर अजून येतो; आला की तो कोरा तुकडा आठवतो.

ते पत्रक तुमच्या घरी असेल तर पेन घ्या आणि माझ्या नावाच्या वर कल्पनाचं नाव लिहा. पत्रक नसेल, तर तुम्ही गाळलेलं एक नाव आठवा आणि आज, जेवायला बसण्याआधी, चार माणसांत मोठ्यानं घ्या.